तुमचे प्रश्न : गोणपाट, एरंडाचं पान आणि औषधाची पट्टी

फेब्रुवारीच्या अंकात ‘कातडीतून औषध’ हा माझा लेख आला. त्यानंतर आलेली पत्रं संपादकांनी एका मोठ्या पाकिटात घालून मला पाठवली. बरेचसे प्रश्न सारखे होते, ते एकत्र केले आहेत. मी औषधनिर्माणशास्त्राची शिक्षिका आहे आणि गेली बावीस वर्षं कातडीतून औषध आत कसं न्यायचं यावर काम करते. मी डॉक्टर नाही. त्यामुळे डोस बदलायचा असेल, औषध थांबवायचं असेल, तर तुमच्या डॉक्टरांशीच बोला.

गेली अकरा वर्षं रोज दोनदा इन्शुलिन टोचतो. सिगारेट सोडवायची पट्टी मिळते, वेदनेची पट्टी मिळते, मग इन्शुलिनची का नाही? मोबाइलवर तर साखर उतरवणाऱ्या पट्टीची जाहिरात येते. (निवृत्त शिक्षक, अमळनेर)

गुरुजी, आधी जाहिरातीचं बोलते. नुसती चिकटवली की साखर उतरते असं सांगणारी पट्टी घेऊ नका, आणि तिच्या भरवशावर इन्शुलिनचा एकही डोस चुकवू नका. ‘पॅच पंप’ नावाचं एक खरं उपकरण आहे, पण त्यातून बारीक नळी कातडीखाली जाते. त्यातलं इन्शुलिन कातडीतून झिरपत नाही.

ते का झिरपत नाही, हे सांगायला मी वर्गात मांड्यांचं उदाहरण देते. कातडीचा अगदी वरचा थर १० ते २० मायक्रोमीटर जाड, म्हणजे वहीच्या कागदाहून कितीतरी पातळ. पण त्यात मेलेल्या चपट्या पेशींचे पंधरा-वीस पापुद्रे असतात आणि त्यांच्यामध्ये चरबी भरलेली असते. खापरावरचे मांडे एकावर एक रचावेत आणि दोघांच्या मध्ये तूप लावावं, तसं. वरून पाणी ओतलं तर ओघळून जातं, तेल हळूहळू जिरतं. औषधाला या तुपातून वाट काढत खाली जायचं असतं. खाली पोचल्यावर पुन्हा अडचण येते, कारण जिवंत कातडी आणि रक्त पाणीदार असतं. म्हणजे औषधाला तुपातही विरघळता आलं पाहिजे आणि पाण्यातही. शिवाय ते लहान हवं. २००० साली बॉस आणि मेनार्डी या नेदरलंड्सच्या अभ्यासकांनी मांडलेला एक ढोबळ नियम आम्ही अजून वापरतो: रेणूचं वजन ५०० डाल्टनच्या वर गेलं की अखंड कातडीतून तो फारसा जात नाही. निकोटीन १६२ चं, वेदनेच्या पट्टीतलं फेंटॅनिल ३३६ चं. इन्शुलिन सुमारे ५,८०० चं आहे. मांड्यांच्या चळतीतून अख्खा नारळ खाली उतरवण्यासारखं आहे ते.

आणखी एक अट असते, ती मात्रेची. पट्टीतून दिवसाला सहसा काही मिलिग्रॅमच औषध जातं. अमेरिकेत १९७९ साली पहिली पट्टी मंजूर झाली ती प्रवासात उलटी होऊ नये म्हणून कानामागे लावायची होती. तिच्यात स्कोपोलामाइन होतं, जे मिलिग्रॅमहूनही कमी मात्रेत काम करतं. एका वेळी ५०० मिलिग्रॅमची गोळी घ्यावी लागणाऱ्या पॅरासिटामॉलची पट्टी करायची म्हटली तर ती सतरंजीएवढी होईल.

इन्शुलिनसाठी कातडीला अतिबारीक भोकं पाडण्याचा मार्ग आहे. त्यावर माझ्यासारखे अनेक जण काम करताहेत. पुढे धडगावच्या ताईंच्या पत्रात त्याबद्दल लिहिलं आहे, तेवढं जरूर वाचा.

मन्हा गुडघा भलता दुखस. सून ट्यूबमधलं औषध चोळून देते. वरून एरंडाचं पान गरम करून बांधते. शेजारीण म्हणते बिब्बा लाव. काय खरं? (आजी, पारोळा. पत्र नातवाने लिहिलं आहे.)

आजी, बिब्बा अजिबात लावू नका. बिब्ब्याच्या तेलातला रेणू तुपात सहज विरघळणारा आहे, तो मांड्यांच्या चळतीतून सरळ खाली जातो आणि तिथे कातडी पेटवतो. काजूच्या टरफलातलं जळजळीत तेल त्याच घराण्यातलं. माझ्या मावशीच्या टाचेवर बिब्ब्याचा डाग होता, त्याची जखम दिवाळीपासून होळीपर्यंत वाहत होती. तुमच्या वयात, त्यात साखर असेल तर, ती जखम भरायचीच नाही.

सून लावते ते डायक्लोफेनॅकचं जेल असावं. ते चांगलं औषध आहे. जोर लावून घासायची गरज नाही, गुडघ्याच्या सगळ्या बाजूंनी हलक्या हातानं पसरायचं आणि वाळू द्यायचं. ज्यांच्या पोटाला दुखण्याच्या गोळ्या सोसत नाहीत त्यांना याचा फायदा असा की रक्तात उतरणारं औषध गोळीच्या मानानं सुमारे ६ टक्केच असतं. गुडघ्याला हवं तेवढं गुडघ्यात जातं, जठर आणि मूत्रपिंडांवरचा भार कमी होतो. पण जेलही लावायचं आणि त्याच जातीची गोळीही गिळायची, असं डॉक्टरांना न विचारता करू नका.

आता एरंडाच्या पानाबद्दल. तुमच्या सुनेला ठाऊक नसेल, पण ती जे करते तेच मी प्रयोगशाळेत करते. कातडी झाकली की घाम बाहेर जात नाही, वरचे पापुद्रे पाण्यानं फुगतात, सैल होतात, आणि औषध कितीतरी जास्त आत जातं. पट्टीच्या पाठीवर प्लास्टिकचा पातळ पडदा असतो तो यासाठीच. त्यात पान गरम असलं की भर पडते. म्हणून जेल लावल्यावर पान बांधू नका, गरम पाण्याची पिशवीही ठेवू नका. नुसतं पान बांधायचं असेल, शेक बरा वाटत असेल, तर बांधा की. जेल सकाळी, पान रात्री. मध्ये गुडघा धुऊन कोरडा करा.

वडिलांना कॅन्सर आहे. तीन दिवसांनी बदलायची वेदनेची पट्टी दिली आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात घामानं ती निघते. वरून चिकटपट्टी लावली तर चालेल का? अर्धी कापून लावता येते का? (एक मुलगी, भुसावळ)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वडिलांना आराम पडो.

पट्टी कापू नका. काही पट्ट्यांमध्ये औषध छोट्या पिशवीत भरलेलं असतं आणि एक पडदा त्याचा वेग ठरवतो. ती कापली तर तीन दिवसांचं औषध काही तासांत बाहेर पडू शकतं. मात्रा कमी हवी असेल तर कमी ताकदीची पट्टी मिळते, ती डॉक्टर लिहून देतील.

कडा सुटत असतील तर चारही बाजूंना वैद्यकीय चिकटपट्टी लावा. लावण्याआधी जागा साध्या पाण्यानं पुसून पूर्ण कोरडी करा. साबण, तेल, पावडर, स्पिरिट, काही लावू नका. केस असतील तर कात्रीनं कापा, वस्तरा फिरवू नका, कारण वस्तऱ्यानं वरचे पापुद्रे खरवडले जातात. प्रत्येक वेळी जागा बदला.

पण मला तुमच्या प्रश्नात जास्त काळजी वाटली ती ‘उन्हाळा’ या शब्दाची. माहितीपत्रक लिहिणाऱ्यानं भुसावळचा मे महिना पाहिलेला नसतो. गरम कातडीतून फेंटॅनिल जास्त वेगानं आत जातं. अंगात ४० अंश ताप असेल तर रक्तातलं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं वाढू शकतं, असं या औषधाच्या माहितीपत्रकातच नोंदलेलं असतं. म्हणून पट्टीवर ऊन पडू देऊ नका, त्यावर शेक नको, कढत पाण्यानं अंघोळ नको, दुपारी पत्र्याच्या खोलीत झोपवू नका. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. वडील नेहमीपेक्षा जास्त गुंगीत असतील, हाक मारल्यावर नीट जागे होत नसतील, श्वास मंद झाला असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर पट्टी ताबडतोब काढा आणि दवाखान्यात न्या. काढल्यावरही कातडीत साठलेलं औषध कितीतरी तास रक्तात उतरत राहतं. म्हणून ‘पट्टी काढली, आता झोपू द्या’ असं करू नका.

उलट बाजूही लक्षात ठेवा. पहिली पट्टी लावल्यावर पूर्ण परिणाम दिसायला १२ ते २४ तास लागतात. तेवढ्या वेळात दुखलं म्हणून दुसरी चिकटवू नका, मधल्या वेळेसाठी काय द्यायचं ते आधीच विचारून ठेवा.

आणि काढलेली पट्टी! तीन दिवसांनंतरही तिच्यात बरंच औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आतमध्ये येईल अशी दुमडा आणि लगेच अशा ठिकाणी टाका की लहान मूल, कुत्रं, मांजर तिथं पोचणार नाही. टाकायची पद्धत जिथून पट्टी घेतली तिथे विचारा. घरात रांगतं मूल असेल तर रोज रात्री पट्टी वडिलांच्या अंगावरच आहे ना, हे हात लावून बघा. झोपेत सुटून ती मुलाच्या अंगाला चिकटणं जिवावर बेतू शकतं.

मेडिकलमधून मैत्रिणीनं सांगितलेली गोरं होण्याची क्रीम आणली. पंधरा दिवस चेहरा छान उजळला. आता बंद केली की लाल होतो, जळजळतो, केसही यायला लागलेत. (विद्यार्थिनी, धुळे)

बाळ, त्या ट्यूबवरचं बारीक अक्षर वाच. ‘सोन’ किंवा ‘सोल’नं संपणारं नाव दिसलं, बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल असं काही, तर ते स्टिरॉइड आहे. खाज, गजकर्णासारखा दिसणारा इसब, अशा आजारात डॉक्टर ते मोजून देतात. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावायचं ते नाही. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख या अमेरिकी संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन माणसाच्या वेगवेगळ्या भागांवर लावून किती आत जातं ते मोजलं. कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूच्या तुलनेत कपाळातून ते सहापट गेलं आणि जबड्याच्या कोपऱ्यातून तेरापट. तुझा चेहरा हा तुझ्या अंगाचा सगळ्यात उघडा दरवाजा आहे. त्वचारोगतज्ज्ञाकडे ट्यूब घेऊन जा, लाजू नको. लाली जायला काही महिने लागतील, मधल्या काळात पुन्हा तीच क्रीम लावायचा मोह होईल, तेवढा आवर. तुझ्या रंगात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

कपाशीवर फवारणी करतो. तोंडाला रुमाल बांधतो. तरी संध्याकाळी रोज डोकं जड होतं, मळमळतं. कृषी सेवा केंद्रवाले म्हणतात वासानं होतं. तुम्ही कातडीचं लिहिलंत म्हणून विचारतो. (तरुण शेतकरी, चोपडा तालुका)

दादा, या प्रश्नामुळेच मी या विषयात आले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी पाचवीत होते. आमची चार बिघे कपाशी, चोपडा तालुक्यातच. वडील पाठीवरच्या पितळी पंपानं फवारायचे. पंपाच्या कडा बरगड्यांना टोचायच्या म्हणून ते पाठीवर गोणपाटाची घडी बांधत. त्या दिवशी पंपाच्या बुडाचा सांधा झिरपत होता. त्यांना ओल जाणवली असणार, पण श्रावणातलं ऊन, अंग घामानं भिजलेलं, घाम कुठला आणि औषध कुठलं हे कळायला मार्ग नव्हता. गोणपाट सकाळपासून दुपारपर्यंत पाठीला तसंच होतं. घरी आले तेव्हा तोंडातून लाळ गळत होती. आईला वाटलं उन्हाची तिरीप लागली, तिनं कांदा फोडला. मी कंदील डोळ्यांजवळ नेला होता, त्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. बैलगाडीतून तालुक्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाठीचा वास घेतला, सदरा कात्रीनं कापून काढला, बादलीभर साबणाच्या पाण्यानं पाठ धुवायला लावली आणि अ‍ॅट्रोपिन या उताऱ्याची सुई सुरू केली. वडील वाचले. गोणपाट मात्र आईनं धुऊन पुन्हा वापरायला काढलं होतं, कारण ते कशामुळे झालं हे कुणालाच समजलं नव्हतं.

मला ते समजलं पंधरा वर्षांनी, पट्टीची रचना शिकताना. औषधाचा साठा, तो कातडीला टेकवून धरणारा थर, वरून झाकण, आत घाम आणि ऊब. फळ्यावर सरांनी आकृती काढली आणि मला वडिलांची पाठ दिसली. ते ओलं गोणपाट म्हणजे हातभर लांबीची पट्टीच होती, मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाची. त्या रेणूचं वजन २२३. कातडीतून जाण्यासाठी आम्ही प्रयोगशाळेत ज्या मापाचे रेणू शोधत असतो, नेमकं तेच माप.

वासाचा भाग खोटा नाही, पण हातपंपानं फवारताना अंगात जाणाऱ्या विषाचा मोठा वाटा कातडीतून जातो. त्याच मायबाख यांनी १९७१ साली पॅराथिऑन या कीटकनाशकावर मोजमाप छापलं. कोपराखालच्या हातातून सुमारे ९ टक्के शोषलं गेलं, डोक्यातून सुमारे ३२, कपाळातून ३६, काखेतून ६४, आणि अंडकोशाच्या कातडीतून जवळजवळ सगळं. आता तुमचा फवारणीचा दिवस आठवा. कपाशी कमरेएवढी झाली की ओल्या पानांतून चालताना सगळ्यात आधी काय भिजतं? मांड्या आणि जांघ. तोंडाला रुमाल असतो, खाली सुती लुंगी नाहीतर पातळ पँट.

म्हणून असं करा. पंप रानात नेण्याआधी साध्या पाण्यानं भरून पाठीवर घ्या आणि पाच मिनिटं चाला, सांधा झिरपतो का ते कळेल. झिरपत असेल तर त्या दिवशी फवारणी नाही. पाठीवर गोणपाट, टॉवेल, सुती घडी काहीच नको. युरियाची गोणी धुऊन, आडवी कापून कमरेला पुढच्या बाजूनं प्लास्टिकच्या अस्तरासकट बांधली तरी जांघ कोरडी राहते, पण ती भिजली की लगेच सोडा. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि औषध मिसळताना नायट्रिलचे हातमोजे वापरा, कारण बाटलीतलं औषध पाण्यात मिसळलेल्यापेक्षा कितीतरी तीव्र असतं. दुपारच्या उन्हात फवारू नका. गरम, घामेजलेली कातडी दार उघडून बसलेली असते. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका. अंगावर सांडलं तर बांधापर्यंत थांबू नका, तिथंच कपडे काढा, साबण आणि भरपूर पाणी. तूप, तेल, रॉकेल लावून पुसू नका, त्यानं विष आणखी आत जातं. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका. ते धुणाऱ्या बाईच्या हातालाही कातडी आहे.

आणि डब्यावरच्या चौकोनातला रंगीत त्रिकोण बघून घ्या. लाल त्रिकोण सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. आपल्याकडची कपाशी आणि त्यांची कपाशी वेगळी नाही. मळमळ, डोकं जड, जास्त लाळ, धूसर दिसणं, हे झालं की दूध किंवा लिंबू पीत बसू नका. डबा किंवा त्याचं लेबल सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. डॉक्टरांना नाव कळलं की उतारा लवकर सुरू होतो.

तुम्ही लिहिलंय ‘संध्याकाळी रोज’. रोज हा शब्द मला खटकला. पुढच्या फवारणीआधी एकदा तपासून घ्या, आणि अशा विषाचा परिणाम दाखवणारं रक्तातलं कोलिनएस्टरेज बघायचं का, हे डॉक्टरांना विचारा.

मी आशा कार्यकर्ती आहे. लसीकरणाला डबा घेऊन पाड्यावर जाते. सुई बघून पोरं पळतात. बिनसुईची लस येणार म्हणतात ती कधी? (धडगाव तालुका)

ताई, तुमच्या पायांखालचे चढ मला माहीत आहेत. एका आरोग्य शिबिरासाठी मी तिकडे आले होते. गाडी जिथं थांबली तिथून पुढचे दोन तास बर्फाचा डबा खांद्यावर असलेल्या तुमच्यासारख्याच एका ताईच्या मागे मला चालवत नव्हतं.

ती लस म्हणजे नखाएवढी चकती, तिच्या एका बाजूला शंभरेक अतिसूक्ष्म सुया. प्रत्येकीची उंची मिलिमीटरहूनही कमी. वरचे पापुद्रे ओलांडण्यापुरत्या त्या आत जातात, दुखण्याच्या नसांना फारशा भिडत नाहीत. १९९८ साली अमेरिकेत अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये मार्क प्राउस्निट्झ आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या १५० मायक्रोमीटर उंचीच्या सुया करून त्या टोचल्यानं कातडीतून पदार्थ जास्त सहज आत जातात हे दाखवलं, तिथून या कामाला वेग आला. आता साखर किंवा पाण्यात विरघळणारं पॉलिमर वापरून सुया करतात. सुईतच लस असते, टोचल्यावर सुई काही मिनिटांत विरघळते. टोचून परत आणायला धारदार कचरा राहत नाही. गोवर-रुबेलाच्या अशा चकतीची चाचणी गांबिया देशात लहान मुलांवर झाली आणि तिचे निकाल २०२४ साली प्रसिद्ध झाले. ती सुरक्षित ठरली आणि मुलांत प्रतिकारशक्ती तयार झाली. मोठ्या चाचण्या, कारखाना, परवानगी, हे पुढे आहे. म्हणून पुढच्या वर्षी तुमच्या हातात येईल असं मी सांगणार नाही. तोवर तुमचा डबा आणि तुमचे पाय, हीच लस आहे.

माझ्या टेबलावर या सुया कशा होतात ते सांगते. रबरासारख्या सिलिकोनच्या साच्यात शंभर खड्डे असतात. त्यात पॉलिमरचं घट्ट द्रावण ओतायचं, हवा शोषून काढायची म्हणजे द्रावण टोकापर्यंत उतरतं, मग वाळवायचं. कुरडयांचा चीक सोऱ्यातून काढून वाळवावा तेवढाच संयम लागतो. आणि इथेही खान्देशाची हवा आडवी येते. मे महिन्यात चकत्या इतक्या कोरड्या होतात की साच्यातून काढताना टोकं तडकतात. श्रावणात तीच चकती हातात घेतली की ओल धरते आणि सुया मान टाकतात. पहिल्या वर्षी बकऱ्याच्या कातडीवर चकती दाबून वर निळा रंग लावला. शंभर सुया टोचल्या तर शंभर निळे ठिपके दिसायला हवेत. अर्धेही नव्हते. आता काढल्याबरोबर सिलिका जेलच्या डब्यात ठेवतो, आणि ठिपके जवळजवळ पूर्ण येतात. दहा ओळी, दहा रांगा. तो निळा चौकोन पहिल्यांदा पूर्ण दिसला त्या दिवशी माझ्या विद्यार्थिनीनं सगळ्या मजल्याला जिलेबी वाटली होती.

बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे. याच विषयात काम करायचंय. आमच्या कॉलेजात महागडी यंत्रं नाहीत. सुरुवात कशानं करू? (विद्यार्थी, शहादा)

फ्रान्झ सेलनं कर. १९७५ साली थॉमस फ्रान्झ यांनी लोकप्रिय केलेलं काचेचं भांडं. वर एक कप्पा, खाली एक कप्पा, मध्ये कातडी. वर औषध ठेवायचं, खाली ७.४ सामूचं बफर द्रावण आणि त्यात फिरणारा चुंबकाचा तुकडा. ठरावीक वेळानं खालचा थोडा नमुना काढायचा, तेवढंच ताजं द्रावण घालायचं, आणि औषध किती उतरलं ते मोजायचं. सुरुवातीला यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो, तो तुमच्याकडे असणारच.

कातडीसाठी बकऱ्याचा कान चालतो. आधी कॉलेजच्या समितीची परवानगी लेखी घे. मग खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेव की कान गरम पाण्यात बुडवायचे नाहीत. बरेच जण केस काढायला बुडवतात, आणि एकदा कढत पाणी लागलं की ते पापुद्रे गेले, तुझा सगळा प्रयोग खोटा. मी पहिले चार महिने असेच आकडे लिहिले, औषध धो धो उतरत होतं आणि मी खूश होते. माझ्या मार्गदर्शकांनी कान हातात घेऊन विचारलं, ‘हा इतका मऊ का?’ त्या वहीवर मी लाल रेघ मारली, ती अजून माझ्या कपाटात आहे.

दुसरं म्हणजे कातडीखाली हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नकोस. जिथं बुडबुडा, तिथं द्रावण नाही, तिथून औषध उतरणार नाही. भांडं तिरपं करून दिव्यासमोर धर, दिसतो.

आणि तापमान. माणसाच्या कातडीचा पृष्ठभाग साधारण ३२ अंशांचा असतो, तो तसाच राखायला भांड्याभोवती पाणी फिरवतात. पण ते यंत्र पाणी गरम करतं, थंड करत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्या प्रयोगशाळा दुपारी चाळिशी ओलांडतात, तेव्हा कातडीही तापते आणि आकडे फुगतात. त्यामुळे उन्हाळ्यात सहा तासांचा प्रयोग करायचा असेल तर रात्री दोनला लाव, सकाळी आठला संपव. वॉचमनकाकांना आदल्या दिवशी सांगून ठेव आणि माठातलं पाणी सोबत ने.